प्रभातच्या टेलिफोटोपासून धायरीच्या टेकडीपर्यंत

1934 साली ‘अमृतमंथन’ हा चित्रपट झळकला तेव्हा प्रेक्षकांना पडद्यावर कथेतल्या राजगुरूचा एकच डोळा दिसला, पडद्याला पुरून उरणारा. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा होता. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कॅमेरा केशवराव धायबरांचा. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली आणि इथल्या नव्या स्टुडिओत तिने केलेला हा पहिलाच चित्रपट. भारतीय पडद्यावर टेलिफोटो लेन्स प्रथम वापरली गेली ती यातच, असे मानले जाते.

ती लेन्स का निवडली असेल, हे कोणत्याही हौशी छायाचित्रकाराला उमगते. साधी लेन्स चेहऱ्याला भिडवली की नाक फुगते, कान मागे पळतात आणि कॅमेऱ्याची सावली नटावर पडते. टेलिफोटोने लांब उभे राहूनही डोळा जवळ आणता येतो. चेहऱ्याची ठेवण कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. चौकटीत किती मावेल, एवढेच लेन्स ठरवते. त्यामुळे लेन्स निवडताना छायाचित्रकार आधी आपली जागा निवडत असतो.

प्रभातच्या मंडळींना हे कॅमेरा उघडून, जोडून कळलेले होते. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या दोघांनी स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला होता. 1916 मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूराव पेंटर या नावाने ओळखल्या गेलेल्या बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला. त्या कामात त्यांच्या हाताशी होते विष्णुपंत दामले. तेच पुढे 1929 मध्ये प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले.

हौशी माणसाच्या हातातला रोलही सिनेमाच्याच घरचा. जर्मनीत ऑस्कर बारनाकने सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म आडवी धरली, चौकट दुप्पट करून 24 बाय 36 मिलिमीटर केली आणि 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्याला 50 मिलिमीटरची लेन्स होती. या चौकटीचा कर्ण साधारण 43 मिलिमीटर. त्याच्या आसपासची लेन्स ‘नॉर्मल’ समजली जाते. आजही फिल्मवर हात बसवणाऱ्याच्या कॅमेऱ्याला बहुधा पन्नासचीच लेन्स असते.

मध्यमवर्गीय मराठी घरात मात्र लेन्स निवडण्याचा प्रश्नच कित्येक वर्षे उद्भवला नाही. परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध होते. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा अनेक घरांतला पहिला कॅमेरा. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि लेन्स बदलायची सोय नाही. गडावर गेलेल्या माणसाला बुरूज मोठा हवा असेल तर चालत पुढे जायचे, सगळा तट हवा असेल तर मागे सरायचे. बारा फोटोंत सहल बसवायची असल्याने प्रत्येक पाऊल विचाराने पडे. चांगल्या छायाचित्रणाचे पहिले शिक्षण अनेकांना असे पायांनीच मिळाले.

बदलत्या लेन्सचा कॅमेरा परदेशाहून येणाऱ्या नातलगाकडून यायचा, नाहीतर जुन्या मालाच्या दुकानातून. सोव्हिएत झेनिटसोबत हेलिओस 44 मिळे: 58 मिलिमीटर, एफ 2, युद्धापूर्वीच्या जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावर बेतलेली. तिचे बूड (माउंट) 42 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे असल्याने त्या आट्यांची इतर कंपन्यांची लेन्सही त्याच कॅमेऱ्यावर बसे. निकॉनच्या एसएलआर कॅमेऱ्यांचे बूड 1959 पासून तेच राहिले, तरी 1977 मध्ये आलेल्या ‘एआय’ रचनेपूर्वीची लेन्स त्यांच्या एफएम 2 कॅमेऱ्यावर दुरुस्त केल्याशिवाय लावता येत नाही. त्यामुळे जाणकार आधी कॅमेऱ्याचे बूड पाहतो, मग लेन्सवरचे नाव.

पुण्यात त्याच्या जोडीला पावसाळा पाहावा लागतो. महिनोन्‌महिने बंद कपाटात, चामड्याच्या पाकिटात पडलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धागे टाकते आणि वरचा लेप कायमचा खाते. लेन्स विकत घेताना टॉर्चचा उजेड तिरका मारून आत पाहावे, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल उतरले आहे का ते तपासावे, फोकसची कडी अडखळत नाही ना हे फिरवून बघावे. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेली लेन्स वर्षानुवर्षे टिकते.

जागा आणि लेन्स यांचे नाते धायरीत प्रत्यक्ष दिसते. सिंहगड रस्त्यालगतचे हे गाव 2017 मध्ये पुणे महापालिकेत आले. धारेश्वराच्या टेकडीभोवती इमारती दाटल्या आहेत आणि नैऋत्येला, दूरदर्शनच्या मनोऱ्यासह, सिंहगड उभा आहे. इमारत आणि गड एका चौकटीत हवे असतील तर पन्नासची लेन्स चाळीस मीटरवरून इमारत नीट दाखवते, पण गड मागे किरकोळ दिसतो. 135 मिलिमीटरची लेन्स लावून तितकीच मोठी इमारत हवी असेल, तर 108 मीटरवर मागे जावे लागते. इतक्या दूरच्या गडाला ही मधली 68 मीटर जाणवतही नाहीत. तो फोटोत जवळजवळ 2.7 पट उंच होतो आणि वाढती वस्ती त्याच्या कुशीत किती शिरली आहे ते दिसू लागते. झूम लेन्स आल्यावर 135 ची मागणी घटली, त्यामुळे जुन्या बाजारात ती अजूनही स्वस्त मिळते. धायरीतल्या फिल्मवाल्याने पन्नासनंतरची दुसरी लेन्स हीच घ्यावी.