शिकारी पक्षी : मराठी काव्यातील

घार, ससाणा, गिधाड या पक्ष्यांची मराठी काव्यातील रूपे परस्परविरोधी आहेत. न्हावा शेवा (ता. उरण, जि. रायगड) येथे १९८९ साली बंदर सुरू झाले, तरी भोवतालच्या खाडीवर घार व ब्राह्मणी घार घिरट्या घालताना दिसतात. मासळी वाळत घालणाऱ्या बाईला घार म्हणजे झडप घालून मासा पळवणारी. संत जनाबाईंच्या अभंगात मात्र हीच घार आई होते : आकाशात हिंडते, पण झेपावते ती पिल्लांकडे, भक्ताला सांभाळणारी विठ्ठलमाऊली तशीच. शिकारीची झेप वात्सल्याची खूण व्हावी, ही मराठी भक्तिकाव्यातील अत्यंत धीट उपमा आहे. ती खोट्या निरीक्षणावर उभी नाही. घार पिल्लांसाठीच भक्ष्य घेऊन घरट्याकडे परतते.

ससाण्याचे रूपही असेच दुहेरी आहे : शरण आलेल्या कबुतराला वाचवणाऱ्या शिबी राजाच्या महाभारतातील कथेत त्याचा पाठलाग करणारा ससाणा क्रूर नसून आपल्या भुकेचा न्याय मागणारा आहे.

गिधाडाच्या वाट्याला सर्वाधिक विसंगती आली. सीतेसाठी रावणाशी झुंजणारा जटायू ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणात (१९५५–५६) करुण आणि उदात्त आहे. बोलीत मात्र ‘गिधाड’ ही शिवी. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ नाटकाचे नावही त्याच अर्थावर उभे आहे. हा अन्याय आहे, कारण मेलेली जनावरे संपवून हा पक्षी गावशिवार स्वच्छ ठेवतो. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडे झपाट्याने घटली. भारतात २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात चिरगाव (ता. म्हसळा) येथे गिधाडांचे संवर्धन झाले आहे.