स्फटिक रेडिओ संच

स्फटिक रेडिओ संच : विजेचा कोणताही पुरवठा न घेता, केवळ प्रेषक केंद्राकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांच्या ऊर्जेवर चालणारा साधा ग्राही. १९२० नंतरच्या दशकात यूरोप व अमेरिकेतील असंख्य श्रोत्यांनी पहिले ध्वनिक्षेपण याच संचावर ऐकले. त्यांपैकी पुष्कळांनी तो स्वतः घरी बनविलेला होता.

रचना व कार्य : पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेले तांब्याच्या आवेष्टित तारेचे वेटोळे, उंच बांधलेला लांब आकाशक, जमिनीशी जोडणी, स्फटिक अभिज्ञातक आणि हेडफोन एवढेच भाग त्यासाठी लागत. वेटोळ्यावरून सरकणाऱ्या स्पर्शकाने हवे ते केंद्र निवडता येई. अभिज्ञातक म्हणून बहुधा गॅलिना (शिशाचे सल्फाइड) या खनिजाचा खडा वापरीत व त्यावर बारीक तारेचे टोक अलगद टेकवीत. अशा स्पर्शातून प्रवाह जवळजवळ एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे उच्च कंप्रतेच्या तरंगावर आरूढ झालेला ध्वनी वेगळा होऊन ऐकू येतो. खड्याचा प्रत्येक बिंदू सारखा संवेदनशील नसल्याने योग्य जागा चाचपडत शोधावी लागे, आणि टेबलाला धक्का लागला की ती हरवे. विवर्धन नसल्याने आवाज क्षीण असे व केंद्र फार दूर असून चालत नसे.

इतिहास : धातूंच्या सल्फाइडांचा एकदिशकारक गुणधर्म कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांना १८७४ मध्ये आढळला. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना अभिज्ञातकाच्या अमेरिकन एकस्वासाठी (पेटंटसाठी) १९०१ मध्ये अर्ज केला व ते त्यांना १९०४ मध्ये मिळाले. ग्रीनलीफ पिकार्ड यांच्या सिलिकॉन अभिज्ञातकाचे एकस्व १९०६ मधील आहे. निर्वात नलिका महाग होत्या व त्यांना विद्युत् घट लागत. खडा आणि तार मात्र कोणालाही परवडे. अमेरिकेच्या ‘ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ या सरकारी संस्थेनेच १९२२ मध्ये घरगुती संच बांधण्याची कृती सांगणारी पुस्तिका काढली.

ब्रिटनमध्ये याच स्वस्ताईतून पेच उद्‌भवला. १९२२ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी ही रेडिओ उत्पादकांचीच संस्था होती. तिचे उत्पन्न परवाना शुल्कातील वाटा व विकल्या जाणाऱ्या संचांवरील स्वामित्वशुल्क यांवर अवलंबून होते, म्हणून दहा शिलिंगांच्या परवान्यावर तिची मुद्रा असलेलाच संच वापरण्याचे बंधन होते. ज्याने संच विकत घेतलाच नाही, त्याची या व्यवस्थेत सोय नव्हती. त्याला ‘प्रायोगिक’ परवाना मागावा लागे. पण कचेरीतून परतल्यावर पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळणाऱ्या कारकुनाला प्रयोगकर्ता म्हणावे काय, हे टपाल खात्याला ठरविता येईना. अर्ज तुंबून राहिले आणि अनेकांनी परवान्याविनाच ऐकण्यास सुरुवात केली. अखेर साइक्स समितीच्या चौकशीनंतर १९२३ मध्ये स्वतः संच बांधणाऱ्यांसाठी पंधरा शिलिंगांचा वेगळा परवाना निघाला, व काही काळाने हा भेदही मिटला. कायद्याने येथे हौशी कारागिराला मान्यता दिली, ती काहीशा नाइलाजानेच.

मुंबईत लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १·५ किलोवॉट शक्तीच्या त्या केंद्राचे कार्यक्रम स्फटिक संचावर शहरात व जवळपासच ऐकू येणे शक्य होते. परवानाधारक थोडे राहिल्याने कंपनी १९३० मध्ये बंद पडली.

नलिकांचे संच स्वस्त झाल्यावर स्फटिक संच मुलांचे खेळणे बनला होता. दुसऱ्या महायुद्धाने त्याला पुन्हा गंभीर काम दिले. जर्मन सत्तेने व्यापलेल्या नेदर्लंड्समध्ये १९४३ साली नागरिकांना रेडिओ जमा करण्याचा हुकूम झाला. तेव्हा लंडनहून होणारे ‘रेडिओ ओरान्ये’चे डच ध्वनिक्षेपण ऐकण्यासाठी लोकांनी चोरून संच बांधले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात वीज बंद झाली, तरी स्फटिक संचाला तिची गरज नव्हती. लांब आकाशक लपविणे मात्र अवघड असे. इटलीतील अँझिओ येथे १९४४ मध्ये खंदकांतील अमेरिकन सैनिकांनी खड्याऐवजी दाढीचे निळसर पडलेले पाते आणि त्यावर टेकविलेले पेन्सिलीतील शिसे वापरले. काही प्रकारच्या नलिका संचांतून बाहेर पडणाऱ्या तरंगांवरून शत्रूला ठिकाणाचा माग लागण्याचा धोका असे. या संचातून तसे प्रारण होत नसे.

युद्धोत्तर काळात जर्मेनियम द्विप्रस्थ (डायोड) मिळू लागला आणि खड्यावरील चाचपडणे संपले. त्याच स्पर्शबिंदूच्या तत्त्वावर जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रँझिस्टर बनविला होता. स्फटिक संच पुढेही शालेय प्रयोगांत व हौशी लोकांच्या हाती टिकून राहिला. मात्र त्याला जवळपास मध्यम तरंगांचे शक्तिमान केंद्र असावे लागते आणि अनेक देशांत अशी केंद्रे बंद होत गेली आहेत. नेदर्लंड्समधील सार्वजनिक नभोवाणीचे मध्यम तरंगांवरील प्रक्षेपण १ सप्टेंबर २०१५ रोजी थांबले.