आर्वीची डिश आणि ऑफिसातला इंटरनेट फोन

आजचा भाग फोनवर आहे, पण सुरुवात करूया जुन्नर तालुक्यातून. नारायणगावकडे आलेले पाहुणे खोडदची महादुर्बीण आवर्जून बघतात. जवळच्याच आर्वीची गोष्ट मात्र त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

१९७१ साली आर्वीत विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. व्यावसायिक दूरसंचारासाठी उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं भू-केंद्र. त्याआधी परदेशी फोन जायचा शॉर्टवेव्ह रेडिओवरून, आणि आवाज कधी यायचा, कधी विरून जायचा. आर्वीची प्रचंड डिश तोच आवाज हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे पाठवू लागली. उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागतो. म्हणजे तुम्ही ‘हॅलो’ म्हणा, समोरच्याचं ‘हॅलो’ यायला किमान अर्धा सेकंद!

पण मुद्दा वेगाचा नाही, दरवाज्याचा आहे. परदेशी फोनचा सगळा कारभार एकाच सरकारी संस्थेकडे होता. आधी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, १९८६ पासून विदेश संचार निगम. ही मक्तेदारी संपली २००२ मध्ये.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी झाल्या. १ एप्रिलला भारतात इंटरनेट फोन कायदेशीर झाला. आणि जूनमध्ये एसआयपी या प्रोटोकॉलची आजही वापरात असलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. माझी रोजीरोटी याच प्रोटोकॉलवर चालते, म्हणून जरा सोपं करून सांगतो.

समजा, एका कंपनीची दोन ऑफिसं आहेत, मंचरला आणि पुण्याला. मंचरहून कुणी २०४ दाबलं की एसआयपी पुण्याच्या सर्व्हरला विचारतं, ‘२०४ आहे का? बोलायचंय.’ पलीकडून होकार आला की आवाजाचे छोटे तुकडे धावू लागतात, साधारण सेकंदाला पन्नास. घोळ होतो तो पत्त्यांचा. ऑफिसातल्या फोनचा पत्ता आतल्या आत चालतो, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. माझ्या पहिल्याच कामात असंच झालं. फोन लागला, त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येई, आमचा त्यांना नाही. दोन दिवस डोकं फोडलं! म्हणूनच दोन कंपन्यांची नेटवर्क जोडताना सीमेवर सेशन बॉर्डर कंट्रोलर बसवतात. तो पत्ते बदलून देतो आणि अनोळखी कॉल अडवतो.

आता कायद्याची सीमा. २००२ च्या परवानगीत कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला कॉल चालत होता, पण भारतातल्या फोन नंबरला नाही! शिवाय मंचरहून कंपनीच्या नेटवर्कवर पुण्याला आलेला कॉल तिथून बाहेरच्या साध्या फोनला जोडणं म्हणजे टोल बायपास, कारण टेलिफोन कंपनीचे एसटीडीचे पैसे बुडतात. सिस्कोने तर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये या नियमासाठी ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ची सोय केली. तारा जोडलेल्या, पण मध्ये भिंत.

भिंत हळूहळू खाली आली. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना अ‍ॅपवरून देशातल्या नंबरांना कॉल देण्याची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरची वेगळी नोंदणी आणि बँक गॅरंटी गेली, घरून काम करणं सोपं झालं.

याचा आपल्याला काय फायदा? मंचरची एखादी मुलगी आज आपल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचे कॉल घेऊ शकते. तंत्र तर २००२ पासूनच तयार होतं. तिला खरं अडवलं होतं ते नियमांनी. तेव्हा नवीन तंत्रज्ञान आलं की ते काय करू शकतं एवढंच बघू नका, दरवाज्याची चावी कुणाकडे आहे तेही विचारा.

पुढच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्याने जाल तेव्हा आर्वीची आठवण काढा. भेटूया पुढच्या भागात!