सहापैकी दोन पाने

शाळेत भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित चालवणाऱ्या शिक्षकावर एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. अंक तयार असतो, मुले उत्सुक असतात आणि एखादा लेख वाचून मुख्याध्यापक म्हणतात, "हे छापू नका." अमेरिकेतील एका हायस्कुलात १९८३ साली असाच प्रसंग घडला. तो तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल आजही तेथील शाळांना लागू आहे. शिक्षकांनी तो समजून घ्यावा असा आहे.

मिसुरी राज्यात सेंट लुइस शहराजवळ हेझलवूड ईस्ट हे हायस्कूल आहे. तेथील पत्रकारितेच्या वर्गातील मुले 'स्पेक्ट्रम' नावाचे वृत्तपत्र काढत. साधारण दर तीन आठवड्यांनी अंक निघे. १९८२-८३ या वर्षात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. वर्षाचा छपाईखर्च सुमारे ४,७०० डॉलर होता, तर विक्रीतून जेमतेम १,२०० डॉलर मिळाले. उरलेला खर्च शिक्षण मंडळाने सोसला. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

१३ मे १९८३ चा अंक सहा पानांचा होता. नेहमीचे शिक्षक एप्रिलअखेर नोकरी सोडून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांनी प्रथेप्रमाणे १० मे रोजी प्रुफे प्राचार्य रॉबर्ट रेनॉल्ड्स यांच्याकडे नेली. दोन लेख त्यांना खटकले. एकात त्याच शाळेतील तीन मुलींनी गरोदरपणाचे अनुभव सांगितले होते. दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम होता.

रेनॉल्ड्स यांचे आक्षेप पोकळ नव्हते. मुलींची नावे बदललेली असली, तरी शाळेतल्या शाळेत त्या ओळखू येतील अशी त्यांना भीती वाटली. लैंगिक विषयाचे उल्लेख खालच्या वर्गांतील मुलांसाठी योग्य नाहीत असेही त्यांचे मत पडले. घटस्फोटाच्या लेखात एका मुलीने वडिलांविषयी तक्रार केली होती. पण वडिलांना आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली नव्हती. आता दुरुस्ती करत बसलो तर वर्ष संपण्यापूर्वी अंक निघणार नाही, असे समजून त्यांनी ती दोन पानेच काढून टाकायला सांगितली. त्या पानांवर आणखी चार लेख होते. त्यांना कोणाचा आक्षेप नव्हता, पण तेही गेले. अंक चार पानांचा निघाला आणि काय झाले ते मुलांना तो हाती पडल्यावर कळले.

वर्गातील तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. जिल्हा न्यायालयाने शाळेच्या बाजूने, तर अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूने कौल दिला. शेवटी १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. नवव्या न्यायाधीशाची जागा तेव्हा रिकामी होती.

हा निकाल नीट कळण्यासाठी आणखी एक खटला माहीत हवा. १९६५ साली आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात काही मुले व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आली होती. शाळेच्या कामात गंभीर अडथळा येत नसेल तर मुलांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हिरावता येत नाही, असे याच न्यायालयाने १९६९ मध्ये ठरवले होते. मग १९८८ मध्ये वेगळे काय होते? न्यायालयाच्या मते फीत हे मुलाचे स्वतःचे म्हणणे होते. 'स्पेक्ट्रम' मात्र शाळेच्या पैशातून, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघत होते. तेथे सयुक्तिक शैक्षणिक कारण असेल तर शाळेला मजकुरावर नियंत्रण ठेवता येते. पुढे काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून विद्यार्थी पत्रकारांना अधिक संरक्षण दिले. कॅलिफोर्नियात असा कायदा १९७७ पासूनच होता.

निकालपत्रातील एक मुद्दा मात्र शिक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. वादग्रस्त विषय कसे हाताळावेत, लोकांचे खासगीपण कसे जपावे, हा अभ्यासक्रमातला भाग मुलांना पुरेसा आला नव्हता, असे प्राचार्यांना वाटणे वाजवी होते, असे बहुमताने म्हटले. समजा, हे खरे धरले. न आलेला धडा पाने काढून टाकल्याने येतो का?

विज्ञानाच्या नियतकालिकाकडे आलेला निबंध परीक्षकांकडे जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. परीक्षक पुष्कळदा कठोर असतात आणि बरेच निबंध नाकारलेही जातात. पण आक्षेप लेखी येतात, लेखकापर्यंत पोहोचतात आणि शंका निरसन करता येण्यासारखी असेल तर तशी संधी मिळते. या देवघेवीतच तरुण संशोधक लिहायला शिकतो. रेनॉल्ड्स यांचे प्रश्न चांगल्या परीक्षकाचे होते. ही व्यक्ती ओळखू येईल का? दुसऱ्या बाजूला विचारले का? उणीव एवढीच, की ते प्रश्न मुलांना विचारलेच गेले नाहीत.

विचारले असते तर? वडिलांविषयी तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव अंतिम मजकुरातून आधीच काढलेले होते. प्राचार्यांनी पाहिलेल्या प्रुफात ते होते, आणि काढल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. एका प्रश्नाने निदान एक आक्षेप मिटला असता. अल्पमतातील न्यायाधीशांनीही हेच दाखवून दिले, की आक्षेपार्ह भाग तेवढा गाळण्यासारखे सौम्य उपाय उपलब्ध असताना पानेच्या पाने काढली गेली.

अधिकार कोणाचा, एवढेच न्यायालयाला ठरवायचे होते. आपल्याला मुले काय शिकली हेही पाहावे लागते. त्यासाठी फार काही लागत नाही. अंक लावण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी मजकूर वाचावा, आक्षेप कागदावर लिहून मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यांचे उत्तर ऐकावे. त्यानंतरही एखादा लेख वगळावा लागेल. पण तो का वगळला हे त्या मुलाला ठाऊक असेल आणि पुढचा लेख लिहिताना तो ते प्रश्न स्वतःलाच विचारील.