गिनीपिगपासून ज्ञानगंगेच्या वाघापर्यंत

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातलेली होती. तेलंगणातील आदिलाबादकडून, मराठवाडा-विदर्भाच्या शेतशिवारांतून फिरत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० पर्यंतच्या नऊ महिन्यांत त्याची चाल ३००० किलोमीटरांवर गेली. या काळात त्याने रोही, रानडुकरे आणि गुरेही मारून खाल्ली.

एवढे चालायला त्याला किती खावे लागले असेल? वर्गात हा प्रश्न कोणीही विचारील. पण त्याचे उत्तर देणारी साधने तयार व्हायला दोनशे वर्षे लागली.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लॅव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उष्णतेने सुमारे १३ औंस बर्फ वितळला. तेवढ्याच वेळात त्याच्या श्वासातून जितका कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो, तितका निर्माण होईल एवढा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल, हेही त्यांनी काढले. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण जवळ आले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

राहिलेली तफावत मिटायला शंभरहून अधिक वर्षे गेली. १८९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्र्याने खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेतून मलमूत्रावाटे गेलेली ऊर्जा त्यांनी वजा केली. उरलेली ऊर्जा आणि कुत्र्याने बाहेर टाकलेली उष्णता यांच्यातील फरक एक टक्क्याहूनही कमी भरला. सजीवालाही ऊर्जेच्या जमाखर्चातून सूट नाही, हे सिद्ध झाले.

पुढे १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांची तुलना केली. वजन दुप्पट झाले म्हणून विश्रांतीतला खर्च दुप्पट होत नाही. तो सुमारे १.७ पट होतो. वजनाचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा, येईल त्या संख्येचा घन करा आणि ७० ने गुणा, की रोजचा खर्च अंदाजे किलोकॅलरीत मिळतो. १९८२ मध्ये रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी, अनेक प्राण्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून-पळवून, चालण्याच्या खर्चाचेही असेच सूत्र दिले.

आता आमच्या वाघाचा हिशोब मांडू. त्याचे वजन २०० किलो धरले, तर विश्रांतीचा खर्च रोज सुमारे ३७०० किलोकॅलरी येतो. टेलर यांच्या सूत्राने एक किलोमीटर चालण्याचा जादा खर्च १०० किलोकॅलरीच्या आत राहतो. तो रोज सरासरी ११ किलोमीटर चालला, म्हणजे जास्तीत जास्त ११०० किलोकॅलरी. कमी चरबीच्या एक किलो कच्च्या मांसात साधारण १२०० किलोकॅलरी असतात. तेव्हा नुसते जगायला रोज तीन किलो मांस आणि त्या अचाट भटकंतीला जेमतेम एक किलो! कॉलर ठरावीक वेळाने जागा नोंदवते, मधली वळणे सुटतात. म्हणून खरी चाल थोडी जास्तच असणार. शिकारीची धावपळ आणि पचनाचा खर्च वेगळा. तरीही मुख्य गोष्ट बदलत नाही. हृदय, श्वास, पेशींचे अखंड काम आणि अंगाची ऊब यांवरचा खर्च सर्वांत मोठा, आणि ती सारी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन निघून जाते. तिचा पुन्हा वापर होत नाही.

हीच गळती अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर होते. रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये एका तळ्याच्या अभ्यासातून ते दाखवले. पुढच्या पायरीला ढोबळमानाने दहावा हिस्साच मिळतो, असे आपण शिकवतो. उल्लास कारंत यांच्या अभ्यासानुसार एका वाघाला वर्षाला सुमारे ५० खूरवाले प्राणी लागतात. कळप घटू न देता ते मिळायचे, तर जंगलात असे सुमारे ५०० प्राणी हवेत.

ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे आहे. वाघ तिथे राहायचा, तर आधी गवत आणि मग रोही, डुकरे यांची बेरीज जुळली पाहिजे. ती जुळली नाही, तर तूट गावच्या गोठ्यातून भरून निघते आणि ऊर्जेच्या या हिशोबात शेतकऱ्याची गाय खर्ची पडते.

वर्गात हेच सूत्र ३० किलोच्या शेळीला लावून पाहावे. उत्तर सुमारे ९०० येईल. वाघ तिच्या जवळजवळ सातपट जड, पण खर्च चारपटीच्या आसपास. असे का व्हावे, यावर मुलांना बोलू द्यावे.