पान्याचा आकडा आणि अडलेला बोल्ट

जुनी मोटार दुरुस्त करणे म्हणजे निम्मे काम बोल्ट सोडवण्याचे, हे कोणीही मिस्त्री सांगेल. पाना लावला, जोर दिला, पाना सटकला, बोटांची सालपटे निघाली आणि बोल्टच्या माथ्याचे सहाही कोपरे झिजून माथा गोल झाला. मालक म्हणतो, "गंजलाय हो." मिस्त्री म्हणतो, "गंजलाय खरा, पण आधीच्यानं भलताच पाना लावलाय." पुष्कळदा मिस्त्र्याचेच खरे असते. हा भलता पाना आला कुठून, तेच आज पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढायचा नाही. जोसेफ विटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, मोजले आणि त्यांची सरासरी काढून १८४१ साली एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. रेल्वेने ती उचलली आणि साम्राज्यात ती सर्वत्र पोहोचली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फिलाडेल्फियात ६० अंशांचा कोन सुचवला. तो घडवायला सोपा. झाले! अर्ध्या इंचाच्या विटवर्थ बोल्टाला इंचाला १२ आटे, तर अमेरिकी बोल्टाला १३. डोळ्यांना फरक कळत नाही. नट दोन फेरे सुखाने चढतो आणि मग अडतो. तिथे जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा.

पान्यांची गंमत आणखी निराळी. विटवर्थ पान्यावर जो आकडा कोरलेला असतो तो बोल्टाच्या जाडीचा. पान्याचे तोंड त्याहून बरेच मोठे. पुढच्या अमेरिकी पद्धतीत आकडा तोंडाचाच. पाव इंची विटवर्थ पाना जुन्या मापाने सुमारे १३.३ मिलिमीटरचा असतो. त्याच्या नटावर १३ चा पाना चढत नाही, १४ चा चढतो पण सैल बसतो. हा सैल बसणारा पानाच कोपरे खातो.

या गोंधळाचा कळस पाहायचा तर मॉरिस गाडीचे इंजिन उघडावे. हॉचकिस ही फ्रान्समधली तोफा-बंदुका करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. युद्ध संपले, तोफांचे काम सरले, तेव्हा विल्यम मॉरिस यांनी तिच्याकडून आपल्या मोटारींची इंजिने करून घेतली आणि १९२३ साली तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातल्या गॅरेजांत पाने विटवर्थचे. मग तोड काय काढली? आटे मेट्रिक, माथा विटवर्थ! म्हणजे पाना अगदी बरोबर बसतो, बोल्ट निघतो, आणि बाजारातून आणलेला तशाच माथ्याचा नवा बोल्ट मात्र आत जात नाही. एमजी गाड्यांच्या इंजिनांत ही रीत १९५५ पर्यंत टिकली. आपल्याकडच्या हिंदुस्थान टेनचा वंशही मॉरिसचाच, तेव्हा हा वारसा आपल्या मिस्त्र्यांच्याही वाट्याला आला.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज-अमेरिकी सामान एकमेकांना बसेना, तेव्हा डोळे उघडले. नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा एक समाईक आटा मान्य केला. पण करार झाला म्हणून रस्त्यावरच्या गाड्या थोड्याच बदलतात! आपल्या गॅरेजांत मॉरिसच्या घराण्यातल्या गाड्या, अमेरिकी वळणाची जीप आणि मिलिमीटरची फियाट शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि पाने पुष्कळदा एकाच पेटीतले.

तेव्हा जुन्या गाडीवर हात टाकताना आधी माप पाहावे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. सकाळी माथ्यावर हातोडीचे सरळ ठोके द्यावेत. गंज तडकतो, तेल आत उतरते. मग सहा कोनी पाना लावून आधी किंचित आवळावे आणि नंतर सोडावे. तरी हलला नाही तर तेल पुसून, पेट्रोलची नळी दूर करून, नट तापवावा. नट फुगतो, पकड सुटते. माथाच तुटला तर मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात, पण घाई करू नये. तो पोलादी तुकडा आत मोडला तर त्याला साधे ड्रिल लागत नाही, आणि इंजिनचा ब्लॉक भंगारात जाण्याची पाळी येते.

जीपवाल्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. पान्यावर उभे राहून, दात-ओठ खाऊन "सोडवणारा" माणूस तिथे नट आवळतच असतो, आणि शेवटी बोल्ट तुटतो. तो गंजलेला नव्हताच.