टायर प्रतवारी, मोटारींच्या

झिजलेल्या टायराच्या जागी बसवावयाचा टायर निवडताना ग्राहकास गुणवत्तेची तुलना करता यावी म्हणून ठरविलेली श्रेणीपद्धती. नव्या मोटारीचे टायर तिचा निर्माता पारखून घेतो. बदली टायरांची निवड मात्र मोटारमालकावर येते व रबराखालील दोऱ्यांचे थर त्यास दिसत नाहीत. ह्या अडचणीवर कायद्याने उपाय योजण्याचा एक दीर्घ व वादग्रस्त प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

तेथे १९६०–७० ह्या दशकात टायर ‘पहिल्या प्रतीचा’, ‘प्रीमियम’ अशा नावांनी विकले जात. त्या नावांमागे कोणतेही सर्वमान्य मानक नव्हते. १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा अधिनियमाने एकसमान प्रतवारी ठरविण्याचे काम शासनावर सोपविले; ती अंमलात येण्यास १९७९–८० हे वर्ष उजाडले. दरम्यान निवड अधिकच बिकट झाली होती. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या व १९४९ पासून विकलेल्या रेडियल टायरात ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असून वर पोलादी तारांचा पट्टा असतो. हा टायर अधिक टिकतो. परंतु दोन्ही प्रकार एकाच आसावर बसविल्यास वळणावर मोटारीचा तोल ढळण्याचा धोका असतो.

प्रतवारीत झीज, ओल्या रस्त्यावरील पकड व उष्णतारोध हे तीन गुण घेतले आहेत. झिजेचा अंक टेक्सस राज्यात सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किमी. लांबीच्या मार्गावर टायर चालवून ठरवितात. १०० अंकाच्या प्रमाण टायराच्या दुप्पट टिकेल असे दिसल्यास टायरास २०० अंक मिळतो. चाचणी निर्मात्यानेच करून अंक द्यावयाचा असल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या अंकांची तुलना बेताचीच विश्वसनीय ठरते. ह्याच प्रकारच्या अनिश्चिततेचे कारण देऊन शासनाने १९८३ मध्ये झिजेची प्रतवारी स्थगित केली. ग्राहकसंघटनेच्या अर्जावरून संघीय अपील न्यायालयाने १९८४ मध्ये ही स्थगिती रद्द ठरविली.

पकडीची श्रेणी फक्त सरळ रेषेत ब्रेक लावून पाहतात. वळणावरील पकडीविषयी ती काहीही सांगत नाही, हे अनेक ग्राहकांच्या ध्यानात येत नाही. उष्णतारोधाच्या ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ ह्या श्रेणींपैकी ‘सी’ म्हणजे केवळ कायद्याने आवश्यक ती किमान पातळी होय. हिवाळी टायर ह्या प्रतवारीतून वगळलेले आहेत.

टायराचे वय मात्र ह्या श्रेणींत येत नाही. न वापरलेले रबरही कालांतराने कडक होऊन त्यास भेगा पडतात, म्हणून टायरावरील उत्पादन-तारखेचा संकेत वाचणे आवश्यक ठरते. २००० पूर्वी ह्या संकेतात तीनच अंक असत: दोन आठवड्याचे व एक वर्षाचा. त्यामुळे १९७८ चा टायर १९८८ चा समजला जाणे शक्य होते. २००० पासून चार अंक वापरतात, उदा., २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.